साडेआठ, तीन, साडेनऊ

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खोली अरुंद आहे. खरोखर घालायला गेले तर पाय दाराबाहेर जातील, तेव्हा कागदावरच मानून घ्यावा.) मी इथे ठीक आहे. कपाळाला तीन टाके पडले आहेत, पण ते पुढे ओघात येईलच, आत्तापासून घाबरू नका. टाके केसांच्या कडेला आहेत, दिसणार नाहीत, हे मामीलाही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी शिडी चढायची नाही असं बजावल्यापासून तुम्ही दुप्पट शिड्या बनवायला घेतल्यात, असं मामीने कळवलं. हा राग डॉक्टरांवर आहे की गुडघ्यावर, ते कळलं नाही. मामीचा खोकला थांबला का? हे पत्र मामीच मोठ्याने वाचून दाखवणार असं मी धरून चालते, कारण पहिल्या दोन ओळींतच तुम्ही चष्मा शोधायच्या निमित्ताने उठाल. मामी, त्यांना खाली बसव. चष्मा त्यांच्या डोक्यावरच असेल.

आज तुमच्या "बरं"ला अकरा दिवस झाले. तुमचं "बरं" मी लहानपणापासून ओळखते. लांबवून म्हटलंत तर काम होणार, दोनदा म्हटलंत तर काम विसरलात, आणि एकदाच, तुटक म्हटलंत तर माणूस संपला. सहावीत असताना मी तुमच्या पटाशीने खडूचा डबा उघडला होता तेव्हा मला आठ दिवसांचं "बरं" मिळालं होतं. पण त्या वेळी निदान तुम्ही पटाशी माझ्या समोर बसून घासलीत. या वेळी तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन हळूच ठेवलात. आदळला असतात तर मला एवढं लागलं नसतं. तेव्हा जे झालं ते सगळं सांगते, आणि मग काय शिक्षा द्यायची ती द्या.

मामी, तुला कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून मुळापासून सुरुवात करते. गेली चार वर्षं मी ज्यांच्यामागे हात धुऊन लागले आहे ते म्हणजे दोन गोल खांब. जाड खांब आडवा, बारीक खांब उभा, आणि बारीक जाडाच्या पोटातून आरपार गेलेला. दोन्ही जिथे मिळतात तिथे वर एक वाकडी रेघ तयार होते, खाली एक. (आमच्या विभागात याला दोन द्विघाती रूपांचा छेद म्हणतात. मामांच्या दुकानात "खांबात खांब" म्हणतात. मामांचं नाव बरं आहे.) आता पार मधोमध उभं राहायचं, आणि त्या रेघेवरचं एखादं ठिकाण बाजूला किती, पुढे किती, वर किती, अशी तीन मापं घ्यायची. बारीक खांबाचा नियम असा की बाजूच्या मापाचा वर्ग आणि पुढच्या मापाचा वर्ग मिळून तेरा झाले पाहिजेत. जाडाचा नियम असा की बाजूचा वर्ग आणि उंचीचा वर्ग मिळून सव्वीस. प्रश्न एवढाच की तिन्ही मापं स्वच्छ अपूर्णांकांत येतील, दशांश चिन्हानंतर आकड्यांची न संपणारी मिरवणूक निघणार नाही, असं एखादं ठिकाण त्या रेघेवर आहे का. अशा ठिकाणाला परिमेय बिंदू म्हणतात. एवढ्याशा प्रश्नावर चार वर्षं, असं तू म्हणशील. माझ्या आईनेही तेच म्हटलं होतं.

एकेकटा खांब घेतला तर अडचणच नाही. बारीक खांबावर दोन आणि तीन लगेच सापडतात, चार आणि नऊ तेरा. आणि एक सापडला की तिथे दोरी बांधायची, कुठल्याही सरळ हिशेबी उतारावर ताणायची, ती गोलाला पुन्हा जिथे टेकेल तिथे दुसरा परिमेय बिंदू. असे हवे तितके. नव्या गावात एक ओळखीचं घर असलं की बाकीची घरं त्याच्यामागोमाग सापडतात, तसंच. पण दोन्ही खांबांच्या जोडावर? तिथे, मी बेचाळीस पानांत सिद्ध केलं होतं, की एकही बिंदू नाही. गंमत अशी की असं काही नसेल तर ते बहुतेक वेळा साध्या चौकशीत उघडं पडतं: दोनाने भागून बाकी बघा, तीनाने भागून बघा, पाचाने, साताने, कुठेतरी अडतंच. इथे कुठेच अडत नव्हतं. प्रत्येक दारातून उत्तर येत होतं की आत कोणीतरी असू शकतं, आणि मी म्हणत होते की घर रिकामं आहे. याचंच तर सगळ्यांना कौतुक. तीन परीक्षकांनी माना डोलावल्या. या निबंधावर येत्या गुरुवारी माझं व्याख्यान, आणि त्या व्याख्यानावर माझी कायमची नेमणूक. सात वर्षं मी दर जूनमध्ये "पुढच्या वर्षी आहे का मी?" असं विचारत आले आहे. म्हणून विभागप्रमुख बाईंनी सुचवलं की दर्शनी काचेच्या कपाटात या खांबांचा लाकडी नमुना ठेवू. आणि मी म्हटलं, माझे मामा करतील.

नकाशा मी तुम्हाला पाठवला होता. एकाला अडीच सेंटिमीटर धरा, असं त्यात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही फोनवर, कागद न घेता, सांगितलंत की म्हणजे तुझ्या तेराचे झाले सव्वाएक्याऐंशी आणि सव्वीसचे एकशे साडेबासष्ट. (अडीचाचा वर्ग सव्वासहा, त्याच्या तेरापट आणि सव्वीसपट; मी इकडे कॅल्क्युलेटर शोधत होते.) प्रत्येक खांबावर बारा-बारा पितळी खिळे मारा, त्यांची मापं सोबत आहेत, असंही होतं. आणि शेवटी लाल शाईने, खाली तीन रेघा ओढून: जोडावर खिळा नको. एकही नको.

पेटी आली. तिच्यातली रंध्याची सालपटं अख्ख्या व्हरांड्यात झाली. ती मी परत पेटीत कोंबून पेटी जिन्याखाली ढकलली. नमुना मात्र, मामा, काय सांगू. फिकट खांब गडद खांबात असा शिरला होता की जोडात नख जाईना. आमचे शिपाईदादा, ज्यांनी आयुष्यात आमच्या कुठल्याही कामाला चांगलं म्हटलेलं नाही, ते हात मागे बांधून दोन प्रदक्षिणा घालून गेले. आणि मग मला तो दिसला. वरच्या रेघेवर, एका कडेला, एकच पितळी खिळा. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: "साडेआठ, तीन, साडेनऊ. बसतो."

मी फोन केला. यापुढचं मामीने थोडं हळू वाचावं. मी हसले. म्हटलं, मामा, लाकूड मोजलं की अपूर्णांकच येणार, पट्टीवर दुसरं काही छापलेलंच नसतं. मग तुमच्या पेन्सिलीच्या रेघेचीच जाडी अर्धा मिलिमीटर असते, असं तुम्हाला समजावून सांगितलं. गणितातलं "बसतो" वेगळं आणि दुकानातलं वेगळं, असंही म्हणाले. हे सगळं अगदी गोड आवाजात. पहिल्या वर्षाच्या मुलांशी बोलताना जो आवाज लावते, तो. बारा मिनिटं बोलले. आणि शेवटी तुमचं "बरं".

नेमणूक समितीतली मंडळी सोमवारी कपाट बघायला येणार होती, म्हणून सोमवारी सकाळी मी शिपाईदादांकडून पक्कड घेतली. खिळा उपटायचा, भोकात मेण भरायचं, झालं. नमुना टेबलावर ठेवला, जाड खांबाला गुडघा लावला, पकडीत खिळा धरला आणि ओढला. (तुम्ही खिळा मारताना भोकात सरस घालता हे मला माहीत आहे. मीच लहानपणी सरसाची वाटी धरून उभी राहायचे. ऐन वेळी काही आठवत नाही, हाच माझ्या आयुष्याचा गोषवारा आहे.) खिळा हलला नाही. पक्कड निसटली आणि तिची मूठ थेट माझ्या कपाळावर आली. मी खडूच्या पेटीत बसले. नमुना टेबलावरून गेला. आमचा व्हरांडा जिन्याकडे उतरता आहे, हे बांधकाम खातं गेली वीस वर्षं नाकारत आहे; नमुन्याने त्या दिवशी ते निर्विवाद सिद्ध केलं. खांबात खांब गडगडत नाही, मामा, तो कोलांट्या मारतो. दार, व्हरांडा, अकरा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक दणका, आणि शेवटी विभागप्रमुख बाईंच्या दाराशी तळ वर करून थांबला.

बाईंनी दार उघडलं. त्या दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलतात आणि त्यातले तीस हजेरीपटाबद्दल असतात. त्यांनी नमुन्याकडे बघितलं, मग वर माझ्याकडे: कपाळावरून रक्त, हातात पक्कड. "हे काय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "काही नाही, किरकोळ दुरुस्ती." त्या खाली वाकल्या, चष्मा लावला आणि विचारलं, "हे तळाला काय लिहिलंय? आणि या आकड्यांपुढच्या उभ्या रेघा कसल्या?"

तळाला पेन्सिलीने, तुमच्या अक्षरात, दोन ओळी होत्या. ७२। + ९ = ८१। आणि तिच्याखाली ७२। + ९०। = १६२॥. मी रुमाल कपाळाला धरून, पायऱ्या उतरत, सांगायला लागले की एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, जुन्या लोकांची पद्धत आहे, मामांनी मला अपूर्णांक याच रेघांनी शिकवले. साडेआठाचा वर्ग सव्वाबहात्तर. तीनाचे नऊ. मिळून सव्वाएक्याऐंशी. साडेनवाचा वर्ग सव्वानव्वद, तो सव्वाबहात्तरात मिळवला की एकशे साडेबासष्ट. एवढं म्हणेपर्यंत मी सातव्या पायरीवर होते, आणि तिथेच बसले. कारण तेराचे सव्वाएक्याऐंशी आणि सव्वीसचे एकशे साडेबासष्ट, हे तुम्हीच तर फोनवर सांगितलं होतंत. अर्धा मिलिमीटर नाही, केसभर नाही, काहीच फरक नाही. तुम्ही लाकूड मोजून थांबला नव्हतात. तुम्ही हिशेब करून बघितला होतात, आणि मी तुम्हाला पेन्सिलीची जाडी समजावून सांगत होते.

टाके घालताना परिचारिका म्हणाल्या, रडू नका, एकच उरलाय. मी टाक्यासाठी रडत नव्हते. मी मनात निबंधाच्या तेविसाव्या पानावर पोचले होते. तिथे चूक आहे. मामी, ती अशी: एखादी पूर्ण संख्या दोन अपूर्णांकांच्या वर्गांची बेरीज असेल, तर ती दोन पूर्ण संख्यांच्या वर्गांचीही बेरीज असतेच. हे एका खांबाबद्दल अगदी खरं आहे, पुष्कळ जुनं आहे. मी ते दोन्ही खांबांना एकदम लावलं. म्हणजे जोडावर अपूर्णांक बसत असेल तर तिथे पूर्ण संख्याही बसलीच पाहिजे, असं. आणि पूर्ण संख्या तर बसत नाहीत: तेराला बाजूचं माप दोन किंवा तीन हवं, सव्वीसला एक किंवा पाच, जुळत नाही, खेळ खलास. तेविसाव्या पानावर मी लिहिलं आहे, "हे उघड आहे." आमच्या धंद्यात "उघड आहे" हे तिथेच लिहितात जिथे माणूस बघायला गेलेला नसतो. घर रिकामं आहे असं एकदा सिद्ध केल्यावर दार कोण वाजवणार? चार वर्षांत मी एकदाही साडेआठ घालून बघितले नाहीत. प्रत्येक दारातून सांगत होते की आत कोणीतरी असेल, आणि मी एकटी त्यांना वेड्यात काढत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावून चहा दिला. (सात वर्षांत पहिला.) म्हणाल्या, "उदाहरण बदला. दुसरी जोडी घ्या, जिथे खरंच काही नाही. खिळा काढायला मी माणूस बोलावते." त्या वाईट नाहीत, मामा. मी राहावं असं त्यांना मनापासून वाटतं, नाहीतर चाळीसातले इतके शब्द माझ्यावर खर्च केले नसते. आणि कोणाला कळणारही नव्हतं. माहीत होतं ते फक्त मला, त्यांना आणि तुम्हाला, आणि तुम्ही तर माझ्याशी बोलतच नव्हतात. मी दोन दिवस विचार केला, हे कबूल करते. दुसरी जोडी शोधूनही ठेवली. मग नमुना परत कपाटात ठेवायला गेले. अकरा पायऱ्या उलटून तो खाली गेला होता, फिकट खांबाची एक कड चेपली आहे, आणि जोड जिथल्या तिथे. तसूभर सरकलेला नाही. मी बाईंना जाऊन सांगितलं की खिळा राहील. गुरुवारी मी उभी राहून सांगणार आहे की माझं प्रमेय चुकीचं आहे, हा बघा खिळा, आणि हा ज्यांनी मारला ते सुतार आहेत.

नेमणूक बहुतेक जाईल. त्याचं मला काही वाटत नाही, असं लिहिणार होते, पण तुमच्याशी पुन्हा खोटं नको. वाटतं. खूप वाटतं. खोलीतली पुस्तकं कशात भरायची याचा विचार करते आणि मग उठून पाणी पिते. पण त्याहून जास्त लाज त्या बारा मिनिटांची वाटते. रंधा मारता मारता "सव्वासहाचे तेरापट किती" असं तुम्ही विचारायचात, आणि मला आलं नाही तरी दुसऱ्यांदा तेवढ्याच शांतपणे विचारायचात. मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. मामा, माझं चुकलं.

गुडघ्याला जपा. मामीला नमस्कार.

तुमची,
तुम्ही अपूर्णांक शिकवलेली आणि तुम्हालाच ते परत शिकवायला निघालेली भाची

ता. क. गुरुवारी अकरा वाजता या. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरल्या आहेत. नवा सदरा घालायचा मामीचा आग्रह होईल, तो माना, पण कानावरची पेन्सिल राहू द्या.

ता. क. २. निबंध नव्याने लिहिला तर त्यावर तुमचंही नाव येईल, याला नाही म्हणू नका. नावाखाली संस्था लिहावी लागते. मी तुमच्या दुकानाच्या पाटीवरचं "जिने, कठडे आणि शिड्या" असं लिहिणार आहे. चालेल ना?

ता. क. ३. (मामी, हे मनात वाच.) वर एक गोष्ट लपवली आहे. बाई म्हणाल्या, की हा बिंदू कसा सापडला त्याची काही रीत असेल, तर त्या रितीचा निबंध होऊ शकतो, आणि मग नेमणुकीचा निर्णय सहा महिने लांबवता येईल. म्हणजे क्षमा मागायला लिहिलेलं हे एवढं लांबलचक पत्र खरं तर "मामांनी तो बिंदू कसा शोधला ते विचार" यासाठी आहे, असं तुला वाटेल. थोडंसं आहे. नाकारत नाही. मी स्वतः तीन तर्क केले आहेत, तिन्ही फार खोल आहेत आणि तिन्ही त्यांना कळले तर ते हसतील. त्यांचा मूड बघून विचार. आणि त्यांनी नाहीच सांगितलं तर राहू दे, नुसतं फोनवर "हं" म्हणायला सांग. तेवढंही पुरेल.

ता. क. ४. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं आहे. पुस्तकं भरायला पेटी हवी म्हणून तुमची पेटी जिन्याखालून ओढली आणि सालपटं उपसली. तळाशी दुसरी चिठ्ठी होती. इतके दिवस तिथेच. ती इथे उतरवते, म्हणजे मामीलाही कळेल: "जोडावर खिळा नको असं तू लिहिलंस. पण खिळ्याशिवाय जोड वाटेत निसटला असता. म्हणून एकच मारला. खिळा नेहमी तोंडाने सांगता येईल अशा मापावर मारायचा, ही आमची पद्धत. अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने सगळी रेघ बघितली, हे एकच माप निघालं. बेरीज तळाला केली आहे. माझी चूकही असेल. तू एकदा पडताळून घे."

पडताळलं, मामा. बसतो.